अस्तर बाहेरून: स्लॅबवरचे एक्सपीएस (उष्णता अडवणारे फोमचे) बोर्ड, दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढल्यावर

बेळगावला अजूनही कुणीकुणी गरिबांचं महाबळेश्वर म्हणतं. म्हणोत बापडे. साडेसातशे मीटर उंचीवरचं गाव, दिवेलागणीला वारं सुटतं, सगळं खरं. पण ते वारं रस्त्यावर. एप्रिलात दुपारी चार वाजता पाच इंची स्लॅबखाली बसून अस्तराचं एक ब्लाऊज शिवून बघा, महाबळेश्वर कुठं राहिलं ते कळेल.

मी वडगावात ब्लाऊज शिवते, सव्वीस वर्षं झाली. खाली आम्ही राहतो, वर 20 बाय 22 फुटांची एक खोली. तिथं चार मशीन, एक कटिंगचं टेबल, इस्त्री आणि हाताखाली दोघीजणी. ही खोली आम्ही 2009 साली चढवली. वर स्लॅब, स्लॅबवर सिमेंटचा पातळ गिलावा, संपलं. तेव्हा पैसे तेवढेच होते.

माझं दुखणं असं की लगीनसराई आणि उन्हाळा एकदमच येतात. एप्रिल-मेमध्ये जे शिवते त्यावर माझं अर्धं वर्ष निघतं, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत वर बसवत नाही. रेशमी खणावर घामाचा थेंब पडला की डाग पडतो, आणि तो धुवून जात नाही. 2023 च्या एप्रिलात एक गिऱ्हाईक माप द्यायला आली होती. दोन मिनिटं उभी राहिली आणि ‘अक्का, इल्ली बिसल भाळ ऐत्री’ (अक्का, इथं फार गरम आहे हो) म्हणून खालच्या पायरीवर जाऊन बसली. तिचं माप मी जिन्यात घेतलं. त्या दिवशी ठरवलं, पुढच्या उन्हाळ्याआधी या छताचं काहीतरी करायचंच.

माझा भाचा उद्यमबागच्या कॉलेजात सिव्हिल शिकतो. तो कॉलेजातनं तापमान मोजायची बंदूक घेऊन आला. बाहेर सावलीत 36.5, खोलीत 37, आणि छताच्या खालच्या अंगाला 44. रात्री साडेनऊला बाहेर गार वारं होतं, तरी छत 39 वरच. म्हणाला, ‘‘आत्ती, तू उन्हात नाहीस बसत, तव्याखाली बसतेस.’’ स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ते खाली सोडत बसतो. पंखा फक्त ती ऊब खाली ढकलतो. हे ऐकल्यावर एसीचा विषय मी सोडला. तसाही आमच्याकडे तो परवडत नाही. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरची वीज फुकट, पण महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की सगळंच बिल भरायचं. दीड टनी एसी रोज सहा-सात तास चालला तर तेवढे युनिट तो एकटाच खाईल.

मग पाच-सहा महिने मी लोकांच्या घरी जाऊन छतं बघत फिरले. कापड घेताना जशी दहा दुकानं फिरते तशीच. त्यातनं एक गोष्ट पक्की झाली. ‘कुठलं इन्सुलेशन (उष्णता अडवणारं अस्तर) चांगलं’ हा प्रश्नच आधी विचारायचा नाही. आधी बघायचं छत कशाचं आहे: कौलाचं, पत्र्याचं की स्लॅबचं. खणाला जे अस्तर चालतं ते जॉर्जेटला चालत नाही, तसंच हे.

कौलाचं सांगायचं तर माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. मंगळुरी कौलं, त्याखाली लाकडी माळा, माळ्यावर भाताची पोती आणि पेंढा. उन्हाळ्यात बाहेर ऊन रणरणत असलं तरी सोप्यात झोप लागायची. आता कळतंय की तो पेंढा म्हणजेच इन्सुलेशन होतं, आणि कौलांच्या फटींतनं गरम हवा आपली आपण वर निघून जायची. वर कौल हलकं, ऊन उतरलं की अर्ध्या तासात गार. मग सोडलं कशाला? माकडं. आणि दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळेना. भावानं 2014 ला कौलं उतरवून पत्रे घातले, आणि तेव्हापासून वहिनी दुपारी ओसरीवर बसते.

त्याच पत्र्याखाली भावानं मागच्या वर्षी चकचकीत बबल शीट लावून घेतली. गरम पत्रा अंगावर ऊब फेकतो, ती या अॅल्युमिनियमच्या पापुद्र्यामुळं बरीच अडते. पण त्यासाठी चकाकणाऱ्या अंगापुढं मोकळी हवा लागते, निदान इंचभर. पहिल्यांदा लावणाऱ्यानं शीट पत्रा आणि प्लायच्या मधे घट्ट दाबून टाकली होती. मोकळी हवाच नाही, मग चकाकीचा उपयोग काय? प्लाय काढल्यावर फरक पडला. पावसाचा आवाज मात्र तसाच. जूनमध्ये खानापूरचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला की त्या घरात एकमेकांशी खुणेनं बोलावं लागतं. नवीनच पत्रा घालणार असाल तर दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं पफ पॅनल बघा. महाग आहे, पण ऊन आणि आवाज दोन्ही कमी होतं.

आमचा स्लॅब. स्लॅबवाल्यांना सगळ्यात जास्त सल्ले मिळतात.

पहिला सल्ला आमच्या मेस्त्रींचा. ‘‘ताई, चार इंच कोबा घाला की वो. विटांचे तुकडे, वर सिमेंट. आमच्या बापानं घातलेला अजून हाय.’’ कोबा वाईट नाही. उतार चांगला निघतो, पाणी अडतं. पण उष्णतेच्या बाबतीत तो अस्तर नाही, ती दुसरी जाड साडी आहे. ऊन आत यायला वेळ लागतो, पण येतंच, आणि रात्री उशिरा येतं. शिवाय वजन. भाच्यानं हिशोब मांडला, आमच्या 440 चौरस फुटांवर चार इंची कोबा म्हणजे आठ टनांच्या आसपास. 2009 च्या स्लॅबवर, ज्याच्या सळ्यांचा हिशोब आता कुणाकडेच नाही, आठ टन? मला रात्री झोप लागली नसती.

दुसरा सल्ला शेजारणीचा, चुना मारा. आणि हा सल्ला खरोखर चांगला आहे. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. नवीन पांढरं छत अंगावर पडलेल्या उन्हातला बराचसा भाग माघारी पाठवतं, मळकं सिमेंट बहुतेक सगळं गिळतं. कमी पैशात सगळ्यात मोठा फरक यानंच पडतो, हे मी कुणालाही सांगते. पण बेळगावात एक गोम आहे. जून ते सप्टेंबर छत ओलं, गणपती येईपर्यंत त्यावर शेवाळ धरून काळं पडतं. शेजारणीचा चुना पहिल्याच पावसात पन्हळीतनं वाहून गटारात गेला. रंगवाल्या कंपन्यांचे छताचे पांढरे रंग टिकतात, पण त्यांनाही दर वर्षी फेब्रुवारीत घासून धुवावं लागतं. हात नाहीत आणि पैसे थोडेच आहेत, तर इथंच थांबा, हेच करा. मी थांबले नाही, कारण मला माहीत होतं की मार्चमध्ये छत घासायला मला वेळ मिळणार नाही.

तिसरा, हिरवी जाळी. आम्ही 2022 ला लावली होती. छताच्या वर सावली पडली की स्लॅब तापतच नाही, त्यामुळं फरक मोठा. मग मे महिन्यात वळीव आला. जाळी, बांबू आणि आमची दोन चादरी, सगळं पलीकडच्या मागवाल्यांच्या शेडवर. परत आणायला गेले तर त्यांच्या खडखडाटात मी काय म्हणते तेच त्यांना ऐकू येईना.

चौथा, फॉल्स सिलिंग. निपाणीला आमच्या नणंदेकडं आहे, वरती काचेच्या लोकरीचे थर, खाली जिप्सम. हॉल खरंच गार. पण अस्तर आतून लावल्यावर स्लॅब वरनं तापतच राहतो, दुपारी फुगतो, रात्री आकसतो, आणि चिरा पडतात. वरनं पाणी मुरलं तर कळत नाही. नणंदेला कळलं तेव्हा जिप्समवर नकाशा उमटला होता आणि वरची लोकर भिजून गोळा झाली होती. भिजलेल्या लोकरीत हवा राहत नाही, मग ती काही अडवत नाही. शिवाय आमच्या खोलीची उंची साडेनऊ फूट. सिलिंग खाली आणलं असतं तर पंखा आमच्या डोक्यातच. कुणीकुणी तिथं उघडा थर्माकोल चिकटवतात, ते तर बघायला सुद्धा नको. पॉलिस्टायरीन पेट घेतं, आणि माझ्याकडं दिवसभर इस्त्री चालू असते.

फवारून बसवायचा पफ फोमही विचारला. ज्याला विचारलं तो म्हणाला, हजार फुटांच्या खाली आम्ही यंत्र आणत नाही. विषय संपला.

मग राहिलं ते एक्सपीएस, म्हणजे एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीनचे बोर्ड, स्लॅबच्या वर घालायचे. भाच्यानं समजावलं ते माझ्या भाषेत असं. 50 मिलिमीटर जाडीचा हा बोर्ड जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला काँक्रीट आठेक फूट जाड लागेल. घरांसाठी केंद्र सरकारची इको निवास संहिता आहे, 2018 ची. तिच्यात छताचं यू-मूल्य 1.2 पेक्षा जास्त असू नये असं आहे. यू-मूल्य म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधनं किती वॅट उष्णता जाते तो आकडा. कमी तेवढं बरं. नुसत्या स्लॅबचं ते 3 च्या जवळपास. चार इंच कोबा घातला तरी 2 च्या वरच. 50 मिलिमीटर एक्सपीएसनं 0.5 च्या आसपास येतं. ‘‘मग 25 मिलिमीटर चालेल की,’’ मी म्हटलं. चालतं, संहितेत बसतं. पण मजुरी, कोबा, वरचा थर सगळं तेवढंच लागतं, बोर्डाचेच काय ते निम्मे पैसे वाचतात. अस्तर लावायला बसलेच आहे तर चांगलं लावते, असं म्हणून मी 50 घेतलं.

आता दुकानाची कथा. शहरातल्या एका दुकानात गेले. एक्सपीएस मागितलं तर त्यांनी पांढरे बोर्ड काढले. मी कोपरा मोडून बघितला, आत साबुदाण्यासारखे दाणे. हा थर्माकोल, ईपीएस. एक्सपीएस मोडला की आत दाणे दिसत नाहीत, सगळं एकजीव, वड्यांच्या पिठासारखं. ‘‘ताई, दोन्ही एकच वो,’’ असं ते म्हणाले. एकच नाही. थर्माकोलच्या दाण्यांमधे पाणी शिरतं, आणि आमच्या पावसात चार महिने ते तिथंच बसणार. मी उठून आले.

उद्यमबागेकडच्या एका गोदामात निळसर बोर्ड मिळाले, 1250 बाय 600 मिलिमीटरचे. तिथं मी पिशवीतनं घरचा वजनकाटा काढला. गोदामवाला हसला. हसू दे. एक बोर्ड 950 ग्रॅम भरला. भाच्याला फोन केला, त्यानं सांगितलं की ही घनता घनमीटरला 25 किलो झाली, वर कोबा घालून माणसं चालणार असतील तर 32 ते 35 ची घ्यायची. मग गोदामवाल्यानं आतनं दुसरी थप्पी काढली, ते बोर्ड 1 किलो 280 ग्रॅम. दोघांवर शिक्का एकच होता! भाव 470 रुपये बोर्ड. असे 58 घेतले. सांगायचं म्हणजे गोदामवाल्याची वागणूक चांगली. टेंपोत सहा बोर्डांचे कोपरे तुटले होते, ते त्यानं न बोलता बदलून दिले. पण काटा नेला नसता तर हलके बोर्ड घरी आले असते, हेही खरं. तराजू न्या.

काम फेब्रुवारी 2024 मध्ये झालं, बारा दिवस. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सांगते. आधी जुना पोपडे धरलेला गिलावा काढला, चिरा भरल्या. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं सिमेंटची गोलाई केली, कारण पाणी नेहमी काटकोनातनंच मुरतं. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मधे जाळी. आउटलेट बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवलं. त्या दोन दिवसांत मी दर तीन तासांनी खाली येऊन छताकडं मान वर करून बघत होते. पाहुणे आले असते तर म्हणाले असते, बाई नादावली. एका कोपऱ्यात बांगडीएवढा ओलावा दिसला. तिथं पुन्हा खरवडून पुन्हा हात दिला, पुन्हा 48 तास. मेस्त्री वैतागले. पण बोर्ड आणि कोबा घातल्यावर तो कोपरा शोधायला सगळं फोडावं लागलं असतं.

वॉटरप्रूफिंग बोर्डाच्या खाली, बोर्ड वर, हे लक्षात ठेवा. पुष्कळजण उलटं करतात. बोर्ड वर असला की खालच्या वॉटरप्रूफिंगलाही ऊन लागत नाही, ते जास्त टिकतं.

आणि इथं एक अपघात होता होता राहिला. बोर्ड चिकटवायला मेस्त्रींनी डांबराचा प्रायमर आणला होता. कुठून आणला ते सांगत नाही, दुकानदारानं ‘सगळ्याला चालतो’ म्हणून दिला होता. मला सवय अशी की नवीन कापडावर इस्त्री ठेवायच्या आधी चिंधीवर ठेवून बघायची. म्हटलं, मामा, आधी एका तुकड्याला लावा. लावला. चहा होईपर्यंत बोर्डाला खड्डा, संध्याकाळी आरपार भोक. त्या प्रायमरमधे पातळ करायला जे सॉल्व्हंट असतं ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. 58 बोर्डांवर ओतला असता तर वर नुसता चिकट रस्सा राहिला असता. मग पाण्यात मिसळणारा चिकटा आणला. मेस्त्रींनी तो भोक पडलेला तुकडा त्यांच्या पोराला दाखवायला घरी नेला.

बोर्ड बसवताना सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, विटांसारखे आडवे सरकवायचे, आणि सांध्यांवर टेप. त्यावर कापडासारखी जिओटेक्स्टाइल, कोंबडीजाळी, मग 40 मिलिमीटर कोबा, आउटलेटकडं शंभराला एक उतार देऊन. कोबा एकसंध घालायचा नाही, 10 फुटांवर कापा द्यायचे आणि त्यात सीलंट भरायचा, नाहीतर उन्हात तो जिथं मनाला येईल तिथं फुटतो. शेवटी पांढरा रंग दोन हात. बोर्ड उघडे उन्हात ठेवायचे नाहीत, पिवळे पडून वरनं भुकटी सुटते. आम्ही एक रात्र उघडे ठेवले तर सकाळी त्यातला एक पलीकडच्या गल्लीत, एका घराच्या तुळशीला टेकून उभा. सव्वा किलोचा बोर्ड, आमचं वारं, त्याचा काय दोष. घरवाल्या आजींनी तो पुसून परत दिला.

सगळा खर्च: बोर्ड 27,260, वॉटरप्रूफिंग मजुरीसकट 16,000, जाळी-कोबा मजुरीसकट 27,500, रंग 6,500, टेंपो 1,800. म्हणजे 79,060 रुपये, फुटाला 180 च्या आसपास. विकणारे सांगतात, ‘एकदम हलकं काम’. बोर्ड हलके, सगळे मिळून सत्तर-पंच्याहत्तर किलो, पण वरच्या 40 मिलिमीटर कोब्याचं वजन साडेतीन-चार टन होतंच. चार इंची कोब्याच्या निम्मं, पण हलकं नव्हे. जुना स्लॅब असेल तर आधी कुणा जाणत्याला दाखवा.

उपयोग झाला का? 2024 च्या एप्रिलात भाचा पुन्हा बंदूक घेऊन आला. बाहेर 37.5, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा एक अंश जास्त. छताचं खालचं अंग 34. खोली 34. रात्री साडेनऊला छत 32.5. आकडे बाजूला ठेवा, मला ते असं कळलं की पहिल्या आठवड्यात हाताखालची मुलगी पाच वाजता म्हणाली, ‘‘काकी, आज ढग आलेत काय?’’ ढग नव्हते. छत अंगावर येत नव्हतं एवढंच.

यातलं किती बोर्डामुळं आणि किती पांढऱ्या रंगामुळं, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही, दोन्ही एकदमच केलं. 2025 च्या मार्चमध्ये रंग मळला होता, मी घासला नाही, तरी छत 35 च्या वर गेलं नाही. त्यावरनं बोर्डाचं काम बोर्ड करतोय असं दिसतं.

पाऊस: 2024 च्या जुलैत झोडपून काढलं, खानापूरकडं तर विचारूच नका. छताला एक डाग नाही. उलट आधी पावसाळ्यात छताच्या कोपऱ्यांना जी काळी बुरशी धरायची ती कमी झाली, रेशमाचे गठ्ठे आता भिंतीपासून हातभर लांब ठेवावे लागत नाहीत.

तक्रारी आहेत. पहिली, पश्चिमेची भिंत. छत गार झाल्यावर ती भिंतच आता खोलीत सगळ्यात गरम, संध्याकाळी पाठ टेकवत नाही. पूर्वी छतापुढं ती लक्षातच यायची नाही. दुसरी, पॅरापेटच्या कडेनं हातभर पट्टा अजून तापतो, कारण पॅरापेट स्लॅबला जोडलेला, त्यातनं ऊब आत येते. बोर्ड तिथंही थोडा वर चढवायला हवा होता, आम्हाला सुचलं नाही. तिसरी, आणि ही कुणी सांगत नाही: अस्तर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तसंच आतली बाहेरही जाऊ देत नाही. आमच्या खोलीत इस्त्री, चार मोटारी, तीन माणसं. पहिले पंधरा दिवस दुपारभर खिडक्या उघड्या ठेवल्या, तर गरम हवा आत येऊन बसायची आणि रात्रीही जायची नाही. आता सकाळी नऊला पूर्वेच्या आणि दुपारी पश्चिमेच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी सातला सगळं उघडून इस्त्रीच्या वरचा एक्झॉस्ट लावते. वारं सुटतं तेव्हा ते आत घ्यायचं. त्या बाबतीत गाव महाबळेश्वरच आहे.

चौथी तक्रार आमच्या ह्यांची. त्यांना छतावर पापड वाळवायला पूर्वी जो तापलेला गिलावा मिळायचा तो आता नाही. मी काय बोलणार.

गुण द्यायचे झाले तर बोर्डाला पाचपैकी साडेचार, गोदामवाल्याला साडेतीन (काट्यामुळं), मेस्त्रींना चार, आणि पुन्हा 48 तास पाणी ठेवायला तयार झाले म्हणून अर्धा वरचा. तुमचा स्लॅब असेल, वर दुसरा मजला चढवायचा नसेल आणि त्याखाली दुपारी कुणी राहत किंवा काम करत असेल, तर घ्या. वर मजला चढवणारच असाल तर पैसे घालू नका, पांढरा रंग मारा आणि थांबा. खोलीत फक्त रात्री झोपायचं असेल तरी पांढऱ्या रंगानं बरंच भागेल.

दोन बोर्ड उरले होते. एक भाच्यानं कॉलेजात दाखवायला नेला. दुसरा मी भिंतीला टेकवून ठेवला होता, तर हाताखालच्या धाकटीनं इस्त्री ठेवायला पाट म्हणून घेतला. पाच मिनिटांत इस्त्री बोर्डात बुडाली. आता त्याला बरोबर इस्त्रीच्या आकाराचा खड्डा आहे. कोण हे बोर्ड विचारायला आलं की आधी तो हातात देते, मग छत दाखवायला वर नेते.